इंदूरमध्ये घरासाठी किंवा व्यवसायासाठी सौर संच निवडताना

सौर संचाची निवड विक्रेत्याच्या दरपत्रकापासून सुरू करू नये. ती मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांपासून सुरू करावी. सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या भागांतील नातेवाइकांच्या आणि परिचितांच्या गच्च्यांवर पॅनेल बसताना मी जवळून पाहिली आहेत. ज्या घरांत पुढे नाराजी उरली, तेथील यंत्रसामग्री सहसा वाईट नव्हती. क्षमता ठरवताना कोणी बिल पाहिले नव्हते किंवा जागा ठरवताना कोणी सावली पाहिली नव्हती. पंचवीस वर्षे छतावर राहणारी वस्तू अर्ध्या तासाच्या बोलण्यात ठरवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

बिल आधी

मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या बिलावर त्या महिन्याचा वापर युनिटांत दिलेला असतो. बारा महिन्यांची बिले काढून वापराची बेरीज करावी. एकाच महिन्याच्या बिलावरून अंदाज बांधू नये, कारण माळव्यात हिवाळ्याचा आणि वैशाखाचा वापर यांत दुपटीहून अधिक फरक पडतो. समजा, एका घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी दरमहा १९० युनिट, एप्रिल ते जून दरमहा ४५० युनिट आणि उरलेल्या पाच महिन्यांत दरमहा २७० युनिट वीज लागते. तर वर्षाची बेरीज ३,४६० युनिट होते. सावली नसलेल्या छतावर १ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. धूळ, उष्णता आणि तारांमधील घट धरून वर्षाला १,४०० युनिट हा सावध हिशेब मी वापरतो. ३,४६० ला १,४०० ने भागले की अडीच किलोवॅट हे उत्तर मिळते. विक्रेता याच घराला ५ किलोवॅट सुचवत असेल, तर त्याने त्यामागचा हिशेब कागदावर मांडून दाखवला पाहिजे.

गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकावी, हा विचार घरगुती ग्राहकाला फारसा परवडत नाही. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रीडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, गेलेली युनिटे आपल्या वापरातून वजा होतात, म्हणजे त्यांना आपल्या नेहमीच्या दराइतकी किंमत येते. परंतु हिशेबाच्या वर्षाअखेरीस जी युनिटे शिल्लक राहतात, त्यांचा मोबदला या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून वार्षिक निर्मिती वार्षिक वापराच्या जवळपास ठेवणे सर्वांत हिताचे ठरते. येत्या एक-दोन वर्षांत विजेवर चालणारी स्कूटर, आणखी एक एसी किंवा इंडक्शन शेगडी घरात येणार असेल, तर तेवढी वाढ अवश्य धरावी. वरच्या उदाहरणातील घराने या कारणासाठी ३ किलोवॅट घेतले, तर तो निर्णय योग्यच म्हणता येईल.

एका गोष्टीकडे इंदूरच्या ग्राहकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. राज्य शासनाच्या अटल गृह ज्योती योजनेत ज्या घराचा महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहतो, त्याला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपयेच भरावे लागतात. ज्या घरात निवृत्त पती-पत्नी दोघेच राहतात आणि वर्षातील बहुतेक महिने बिल या सवलतीत बसते, त्यांना सौर संचाची किंमत वसूल होण्यास खूप वर्षे लागतील. अशा वेळी मी बहुतेकदा संच न घेण्याचाच सल्ला दिला आहे. बिलातील स्थिर आकारही संच बसवल्यावर संपत नाही. "बिल शून्य होईल" हे आश्वासन म्हणूनच जसेच्या तसे स्वीकारू नये.

इंदूर शहराने स्वतःसुद्धा सौर वीज निवडताना बिलच आधी पाहिले. नर्मदेचे पाणी निमाडातील जलूद येथून घाटावर उचलून सुमारे ७० किलोमीटरवरील शहरात आणण्यासाठी लागणाऱ्या विजेचा खर्च महानगरपालिकेला फार जड जात होता. त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महानगरपालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) सामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले केले आणि जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. पंपांचा वापर ठाऊक होता आणि मग क्षमता ठरली. घराच्या बाबतीतही हाच क्रम असावा.

सावली आणि छत

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीरहित जागा लागते. गच्ची ८०० चौरस फुटांची असली, तरी पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, कठडा आणि शेजारची उंच भिंत यांची सावली वजा केल्यावर त्यातील निम्मीही उरेलच असे नाही.

सावलीचा त्रास किती होतो, हे मी स्वतःच्या घरी शिकलो. ज्याने आमच्याकडे संच बसवला, त्याने मे महिन्यात भर दुपारी येऊन जागा आखली. त्या वेळी टाकीची सावली तिच्या पायाशीच होती. डिसेंबर उजाडल्यावर दुपारी दोननंतर तीच सावली शेवटच्या दोन पॅनेलांवर चढू लागली आणि संपूर्ण रांगेची वीज खाली आली. पॅनेल एकापाठोपाठ एक जोडलेली असल्याने प्रवाह साखळीसारखा वाहतो. एका पॅनेलच्या थोड्या भागावर सावली पडली, तरी घट त्या भागाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक होते. टाकी हलवण्याचा खर्च आम्हालाच करावा लागला.

ही चूक टाळण्याचा उपाय सोपा आहे. इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैन जिल्ह्यातील डोंगला गावाजवळून जाते. त्यामुळे जूनमध्ये सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि सावल्या फसव्या रीतीने आखूड दिसतात. २१ डिसेंबरला मात्र मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांवरच असतो आणि ५ फूट उंच टाकीची सावली ऐन मध्यान्हीदेखील उत्तरेकडे ५ फुटांहून थोडी जास्त लांब पडते. सकाळी आणि दुपारी ती याहून पुष्कळ लांब असते. संक्रांतीच्या दिवशी मुले पतंग घेऊन गच्चीवर असतातच. त्या दिवशी सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन अशा तीन वेळी खडूने सावल्यांच्या कडा आखाव्यात. मधली वेळ साडेबाराची सांगतो, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि इंदूर त्याच्या पुष्कळ पश्चिमेस असल्याने आपल्याकडे जानेवारीत मध्यान्ह साडेबारा उलटल्यावर होते. जेथे तिन्ही वेळी ऊन राहते, ती जागा पॅनेलांची. संक्रांतीपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर विक्रेत्याकडून संगणकावर काढलेला डिसेंबरचा सावलीचा आराखडा मागावा.

दक्षिणेला मोकळा भूखंड असेल, तर तो आज मोकळा आहे एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. तेथे तीन मजले उभे राहिले, तर आपल्या गच्चीवर काय उरेल, याचा विचार आजच करावा आणि शक्यतो पॅनेल गच्चीच्या उत्तर भागात लावावीत. पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे आणि कल सुमारे २० ते २३ अंश असावा. घर थोडे तिरपे असेल, तर आग्नेय किंवा नैर्ऋत्य दिशेने होणारी घट थोडीच असते, तिची चिंता करू नये. पॅनेल दोन वेगवेगळ्या दिशांना लावावी लागत असतील, तर दोन स्वतंत्र एमपीपीटी (प्रत्येक रांगेतून जास्तीत जास्त वीज काढणारी यंत्रणा) असलेला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र, घ्यावा. सावली टाळणे अशक्यच असेल, तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावण्याचा वाढीव खर्च समर्थनीय ठरतो. सावली नसलेल्या छतावर तो खर्च करण्याचे कारण नाही.

आपल्या घरांत गच्ची वाळवणासाठी, उन्हाळ्यात झोपण्यासाठी आणि घरगुती कार्यक्रमांसाठी लागते. म्हणून पुष्कळ जण ७-८ फूट उंच सांगाडा उभारून त्यावर पॅनेल घेतात. तसे करण्यास हरकत नाही, परंतु उंच सांगाड्याला वारा अधिक लागतो आणि माळव्यातील मे-जूनच्या वादळात त्याची खरी परीक्षा होते. सांगाडा तप्त जस्तलेपन केलेल्या लोखंडाचा असावा, ताशी १५० किलोमीटर वाऱ्यासाठी त्याची रचना केल्याचे लेखी मिळावे आणि त्याचे पाय शक्यतो खालच्या कॉलम-बीमवर यावेत. स्लॅबला छिद्रे पाडली असतील, तर गळती रोखण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. रामबाग किंवा जुन्या इंदुरातील लाकडी तुळयांच्या वाड्यावर स्थापत्य अभियंत्याने पाहणी केल्याशिवाय काहीही बसवू नये.

पॅनेल, इन्व्हर्टर आणि न दिसणाऱ्या वस्तू

पॅनेलांच्या प्रकारांत आज बाजारात मोनो पर्क आणि टॉपकॉन हे दोन मुख्य पर्याय आहेत. जुनी निळसर पॉली पॅनेल नव्या संचासाठी घेऊ नयेत. पॅनेलची नोंदलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते, तर मे महिन्यात गच्चीवरील पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापते. पर्कची निर्मिती प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के आणि टॉपकॉनची ०.३० टक्के घटते, म्हणजे त्या दुपारी पर्कची १४ आणि टॉपकॉनची १२ टक्के वीज उष्णतेतच जाते. किमतीत फार फरक नसेल, तर इंदूरच्या हवेला टॉपकॉन बरे. दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या बायफेशियल पॅनेलचा लाभ मात्र खालचा पृष्ठभाग पांढरा असेल आणि पॅनेल उंचीवर असतील तरच दिसतो.

केंद्राचे अनुदान हवे असेल, तर पॅनेल आणि त्यांतील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात; अशा पॅनेलांना बाजारात डीसीआर पॅनेल म्हणतात. दरपत्रकात "डीसीआर" हा शब्द, पॅनेलचा नेमका मॉडेल क्रमांक आणि संख्या लिहिलेली असावी. माल उतरताना प्रत्येक पॅनेलच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र घ्यावे. वस्तूची हमी आणि निर्मितीची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधारण १२ वर्षांची असते. दुसरी २५ ते ३० वर्षांची असते आणि तिच्यात दरवर्षी किती घट मान्य आहे, ते दिलेले असते.

ग्रीडला जोडलेला साधा संच वीज गेल्यावर बंद पडतो, ही गोष्ट विकत घेणाऱ्या अनेकांना कोणी सांगतच नाही. भर उन्हात घर अंधारात राहिले, की फसवणूक झाल्याची भावना होते. वस्तुतः ही सुरक्षेची सोय आहे: बंद समजून तारेवर काम करणाऱ्या लाइनमनपर्यंत आपल्या छतावरील वीज पोहोचू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतः थांबतो. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा आकार गरजेवरून ठरवावा. चार पंखे, काही दिवे, राउटर आणि फ्रिज यांना सरासरी २५० वॅट लागत असतील, तर चार तासांसाठी १ युनिट पुरते आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-९० टक्के वापरता येत असल्याने सव्वा युनिट क्षमतेची बॅटरी पुरेशी होते. शहरात जेथे वीज क्वचित आणि थोडा वेळ जाते, तेथे घरातील जुना इन्व्हर्टर-बॅटरी तसाच ठेवून साधा ऑनग्रीड संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महू किंवा देपालपूरकडील शेतघरांचा विचार वेगळा करावा लागेल.

दरपत्रके स्वस्त होतात ती बहुधा न दिसणाऱ्या वस्तूंमध्ये. पॅनेलांपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल कलई केलेल्या तांब्याची, ऊन सोसणारी आणि किमान ४ चौरस मिलिमीटरची असावी. डीसी (पॅनेलांकडील) आणि एसी (घराकडील) अशा दोन्ही बाजूंच्या पेट्यांत सर्ज संरक्षण, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव, असावे. आकाशातील विजेपासून वाचवणारा तडितरक्षक, डीसी बाजू आणि एसी बाजू यांचे अर्थिंग स्वतंत्र खड्ड्यांत असावे, म्हणजे एकूण तीन खड्डे. पॅनेलांच्या तारा जोडणाऱ्या एमसी-४ जोडण्या एकाच कंपनीच्या असाव्यात, कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या सैल बसून तापतात आणि आगीचे ते एक परिचित कारण आहे. इन्व्हर्टर थेट उन्हात किंवा स्वयंपाकघराच्या धुराजवळ लावू नये.

पैसा आणि कागद

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये अनुदान मिळते; ३ किलोवॅट आणि त्यापुढे ते ७८,००० रुपयांवर थांबते. क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी कमी असेल ती धरली जाते. गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये आहेत. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदान कमिशनिंगनंतर, म्हणजे संच अधिकृतपणे सुरू झाल्यावर, ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते. त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते, किंवा बँकेचे सवलतीचे कर्ज घ्यावे लागते.

वरच्या उदाहरणातील ३ किलोवॅटच्या संचाचा खर्च १,८०,००० रुपये आला असे धरू. अनुदान वजा जाता १,०२,००० रुपये आपले. वर्षाला ४,२०० युनिट निर्माण होतील, पण वापर ३,४६० युनिटांचाच असेल, तर बचत ३,४६० युनिटांवर मोजावी. प्रतियुनिट साडेसहा रुपये धरले तर ती सुमारे २२,५०० रुपये होते आणि पैसे साडेचार वर्षांत सुटतात. विक्रेता सर्व ४,२०० युनिटे मोजून पावणेचार वर्षे सांगेल. आपल्या बिलातील ऊर्जा आकाराला युनिटांनी भागून आपला खरा दर काढावा आणि तोच या हिशेबात घालावा.

कागदांत सर्वांत जास्त वेळ खाते ते नाव. इंदुरातील कित्येक मराठी कुटुंबांत वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर आहे, घर वडिलांच्या आणि बँक खाते मुलाच्या. अर्ज करण्यापूर्वी जोडणीचे नामांतरण करून घ्यावे. सामाईक घर असेल, तर गच्चीच्या वापराबाबत भावांची लेखी संमती घ्यावी. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरूनच करावा आणि विक्रेता त्या पोर्टलवर नोंदणीकृत असल्याची खात्री करावी. केंद्राच्या २०२४ मधील सुधारित नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. मंजूर भार वाढवावा लागत असेल, तर स्थिर आकार किती वाढेल, ते आधी विचारावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसून संच सुरू होईपर्यंत हाती ठेवावा. या योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. वर्षातून किती भेटी आणि तक्रारीनंतर किती दिवसांत दुरुस्ती, हे आकड्यांत लिहून घ्यावे.

दुकान आणि कारखाना

व्यवसायाला हे अनुदान नाही, परंतु आयकरात सौर संचावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. संच त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला, तर त्या वर्षी निम्माच मिळतो. म्हणून काम दिवाळीपूर्वी की नंतर, मार्चअखेरीस की एप्रिलमध्ये, हे सनदी लेखापालाशी बोलून ठरवावे.

सांवेर रोडवरील एखाद्या शेव-नमकीनच्या कारखान्याला वीज दिवसा लागते, त्यामुळे सौर वीज जागीच वापरली जाते आणि हिशेब चांगला जुळतो. तरीही दोन गोष्टी तपासाव्यात. मागणी आकार, म्हणजे कमाल भारावर लागणारा आकार, सौर संचामुळे विशेष कमी होत नाही, कारण एका ढगाळ दुपारी पूर्ण भार ग्रीडवर येतो. दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची, म्हणजे ग्रीडमधून घेतलेल्या एकूण शक्तीपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या शक्तीच्या प्रमाणाची, आहे. कारखान्याचा भार १०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ असेल, तर मोटारी सुमारे ३३ केव्हीएआर (हे तिचे एकक) प्रतिक्रियात्मक शक्ती, म्हणजे चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी पण प्रत्यक्ष काम न करणारी शक्ती, घेतात. सौर संचाने ६० किलोवॅट दिले की ग्रीडमधून ४० किलोवॅट येतात, पण ते ३३ केव्हीएआर तसेच राहतात आणि मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.७७ पर्यंत घसरतो. बचत झाली असे वाटत असतानाच बिलात दंड येतो. इन्व्हर्टरमधून प्रतिक्रियात्मक शक्ती देण्याची सोय किंवा कपॅसिटर पॅनेलची फेररचना आधीच ठरवावी.

जनरेटर असेल, तर सौर संच आणि जनरेटर यांच्यात नियंत्रक हवाच, नाहीतर भार कमी झाल्यावर वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते. पत्र्याच्या शेडवर पत्र्याचे उरलेले आयुष्य पाहावे. दहा वर्षांत पत्रा बदलायचा असेल, तर तो आत्ताच बदलावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर माणसाने पाय ठेवणेच धोक्याचे आहे, तेथे स्वतंत्र सांगाडा आणि चालण्याची फळी करावी. कापड बाजार किंवा सराफ्यातील चिंचोळ्या, चहूबाजूंनी उंच इमारतींनी वेढलेल्या दुकानांच्या छतावर मी संच सुचवणार नाही.

बसवल्यानंतर

माळव्याच्या काळ्या मातीची धूळ पॅनेलवर बसते आणि पहिल्या हलक्या सरीनंतर तिचा थर घट्ट होतो. ऑक्टोबर ते जून दर पंधरा दिवसांनी पॅनेल पहाटे किंवा संध्याकाळी धुवावीत. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडते, म्हणून नर्मदेचे पाणी वापरावे आणि मऊ फडक्याने ते निपटून घ्यावे. कबुतरे पॅनेलखाली घरटी करतात, त्यांच्यासाठी कडेने जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

दर महिन्याच्या एकाच तारखेला नेट मीटरवरील आयात व निर्यात आणि इन्व्हर्टरवरील एकूण निर्मिती, अशी तीन वाचने वहीत लिहावीत. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती घटेल, त्याने घाबरू नये. परंतु फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दिवसांत ३ किलोवॅटचा स्वच्छ संच सलग आठवडाभर १२ युनिटांच्या खालीच राहिला, तर वहीचे ते पान घेऊन विक्रेत्याला बोलवावे आणि प्रत्येक रांगेचा व्होल्टेज व प्रवाह आपल्यासमोर मोजून घ्यावा.